माग आणि खोली : भिवंडीतील कामगारवस्तीच्या भांडवलाचा इतिहास

नगराचा इतिहास जसा दप्तरांत सापडतो तसा तो वस्त्यांच्या नावांतही सापडतो. भिवंडीत ही नावे भूस्तरांप्रमाणे एकावर एक रचलेली दिसतात. ब्राह्मणआळी, बंदर मोहल्ला ही सर्वांत जुन्या थरातील नावे होत. आळी आणि मोहल्ला या पदांनी ज्ञातीचा किंवा व्यवसायाचा बोध होतो. कामतघर, नारपोली ही शहराने वाढता वाढता पोटात घेतलेल्या गावांची नावे. त्यानंतरचा थर 'नगर' या उत्तरपदाचा : पद्मानगर, शांतीनगर, गैबीनगर. आणि या सर्वांच्या मधून मधून पसरलेला, अभ्यासकांचे लक्ष सहसा न वेधणारा एक शब्द आहे तो 'कंपाउंड' हा होय. भंडारी कंपाउंड, पटेल कंपाउंड अशी नावे भिवंडीच्या पत्त्यांत पदोपदी आढळतात.

'कंपाउंड' या इंग्रजी शब्दाचे मूळ मलायी 'कंपाँग' या शब्दात असावे असे मानले जाते. त्याचा अर्थ वस्ती किंवा खेडे. इंग्रजांनी त्याला बंगल्याभोवतालच्या आवाराचा अर्थ दिला. भिवंडीत तो पुन्हा वस्तीपाशी येऊन पोचला, परंतु मधल्या प्रवासात चिकटलेली मालकीची छटा त्याने सोडली नाही. भिवंडीतील कंपाउंड म्हणजे एका मालकाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या यंत्रमागाच्या शेडी, त्यांच्या कडेने काढलेल्या पत्र्याच्या खोल्या आणि पुढे त्याच जागेवर चढलेली दोन-तीन मजल्यांची इमारत. माग व खोली एकाच आवारात, एकाच मालकाकडे, एकाच भांडवलावर. कामगाराच्या घरासाठी पैसा कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या एका शब्दात सामावलेले आहे : तो घरासाठी म्हणून कोठूनच आला नाही. मागाच्या भांडवलातून जे उरले त्यावर खोली उभी राहिली.

भिवंडी आणि निजामपूर मिळून नगरपालिका स्थापन झाली ती १८६५ साली. त्या काळी हे गाव खाडीवरचे बंदर व भाताची बाजारपेठ होते. १९०१ च्या खानेसुमारीतही लोकसंख्या दहा हजारांच्या आसपासच होती. १८५७ च्या उठावानंतर मऊ, आझमगड इत्यादी भागांतून परागंदा झालेली मोमीन विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांचा हातमाग घरातच असे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसावयाचा, बायकामुले कांड्या भरावयाची, आणि माग बाजूला सारला की तीच जागा निजावयास. घराचे भांडवल आणि धंद्याचे भांडवल यांत येथे भेदच नव्हता. त्यामुळे विणकराने घरासाठी कर्ज काढले की मागासाठी, हा प्रश्न त्याला स्वतःलाही पडण्याचे कारण नव्हते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात वीज आली, यंत्रमाग आले आणि हे अद्वैत मोडले. यंत्रमाग घरात मावत नाही. त्याचा हादरा सोसण्यास भक्कम जमीन लागते, म्हणून तळमजला त्याचा. माणसाने वर जावे किंवा बाहेर जावे. मुंबईतील गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीत स्वस्तात मिळत. सूत देणारा व कापड उचलणारा व्यापारी मुंबईच्या बाजारात असे आणि माग चालविणारा मजुरीवर कापड विणून देई. अशा व्यवस्थेत हाती आलेला रुपया खोलीत घालावा की आणखी एका मागात, याविषयी मालकाच्या मनात संदेह राहण्याचे कारण नव्हते. मागावर घातलेला पैसा वर्षा-दोन वर्षांत परत दिसे, खोलीवर घातलेला दिसत नसे. खोली बांधावयाची ती कामगार मागापासून दूर जाऊ नये एवढ्यापुरती. पुष्कळ ठिकाणी तीही बांधली गेली नाही आणि कामगार पाळी संपल्यावर मागांच्या मधल्या पट्टीतच आडवा होऊ लागला.

भिवंडीपासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या मुंबईत याच काळात निराळी घटना घडत होती, तिच्याशी तुलना केल्यावाचून भिवंडीचे वैशिष्ट्य ध्यानात येत नाही. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत मुंबईत विकास खाते निघाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. त्यासाठी सरकारने कर्ज उभारले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला. संकल्पापैकी सुमारे १६,००० खोल्याच पुऱ्या झाल्या. नायगाव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळी त्या याच. या चाळींवर त्या काळीही टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. तथापि त्यामागील तत्त्व महत्त्वाचे आहे : ज्या मालावर शहर जगते त्या मालानेच कामगाराच्या घराचा काही भार उचलावा. भिवंडीच्या कापडावर असा कर कधीच बसला नाही.

स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माणाची सूत्रे राज्याच्या हाती आली. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले आणि १९५२ साली केंद्र सरकारने साहाय्यित औद्योगिक गृहनिर्माण योजना सुरू केली. राज्य सरकारांना व मंडळांना निम्मी रक्कम अनुदान म्हणून व निम्मी कर्ज म्हणून मिळे. सहकारी संस्थांना व कारखानदारांना अनुदान होते ते २५ टक्के. कागदावर ही योजना भिवंडीसारख्या गावासाठीच आखलेली वाटावी. परंतु तिचा लाभार्थी कोण, हे 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येवर ठरत होते आणि ती व्याख्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातून घेतलेली होती. त्या अधिनियमाप्रमाणे विजेचा वापर करणारी जागा 'कारखाना' ठरण्यास तेथे दहा किंवा अधिक कामगार असावे लागत. भिवंडीतील एका विणकराच्या हाती अनेक माग असतात, त्यामुळे बारा-पंधरा मागांची शेड मूठभर माणसांवर चालते. जेथे माणसे अधिक तेथे शेड एक आणि कागदावर मालक तीन, भाऊ-भाऊ, बाप-लेक. बोलीत भिवंडीचा प्रत्येक मागवाला 'कारखानदार' आणि त्याची प्रत्येक शेड 'कारखाना'. कायद्याच्या भाषेत मात्र कारखाने थोडे आणि कामगार त्याहून थोडे. एकच शब्द रस्त्यावर एका अर्थाने व राजपत्रात दुसऱ्या अर्थाने वावरत होता, आणि अनुदान राजपत्रातील अर्थामागून जात होते.

दुसरी व्याख्या 'कुटुंबा'ची. सरकारी गाळा कुटुंबासाठी असतो. भिवंडीत पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून येणारा कामगार पुष्कळ वेळा एकटा येतो, घर 'मुलका'त ठेवून येतो. आठ-दहा जण मिळून एक खोली घेतात. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच वळकट्यांवर पडतात. या माणसांना घर नको होते असे नव्हे. त्यांना आधी हवे होते ते माफक भाड्याचे, टिकाऊ, पाणी व शौचकूप असलेले निवासस्थान, ज्यात मालकी अभिप्रेत नाही. मालकी हाच ज्या धोरणाचा पाया, त्याला ही गरज घराची गरज म्हणून दिसतच नाही. १९६६ साली योजनेत 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' हा नवा वर्ग घालण्यात आला आणि कारखाना अधिनियमाची अट सैल झाली. १९७० साली हडको व १९७७ साली म्हाडा या संस्था निघाल्या. परंतु मधल्या पंधरा-वीस वर्षांत भिवंडीने आपली व्यवस्था आपणच लावून घेतली होती.

ती व्यवस्था तिच्या शब्दांवरूनच उलगडते. त्यातील पहिला शब्द 'पागडी'. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली आणि पागडी घेणे गुन्हा ठरविला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तीच देवघेव विधिसंमत केली. अर्धशतकभर जी रक्कम अपराध होती ती एका कायद्याने व्यवहार झाली. एरव्ही शब्दाचा अर्थ पालटण्यास पिढ्या जाव्या लागतात.

दुसरा शब्द 'डिपॉझिट', व त्याचे भिवंडी-मुंबईकडील विशेष रूप 'हेवी डिपॉझिट'. भाडेकरू प्रारंभी मोठी रक्कम मालकाकडे ठेवतो, भाडे नाममात्र देतो किंवा मुळीच देत नाही, आणि खोली सोडताना सर्व रक्कम परत घेतो. वरवर पाहता ही भाड्याची एक रीत वाटते. वस्तुतः ते उलट्या दिशेने दिलेले गृहकर्ज आहे. उदाहरणादाखल, मालकाने दहा खोल्यांवर प्रत्येकी एक लाख रुपये घेतले तर त्याच्या हाती दहा लाखांचे बिनव्याजी भांडवल आले, आणि ते ज्यांच्याकडून आले ते शहरातील सर्वांत निर्धन लोक. त्यांनी ते गावची जमीन गहाण टाकून, दागिने मोडून किंवा भावकीकडून उसनवार आणलेले. मालक त्या रकमेत पुढच्या दहा खोल्या बांधतो किंवा माग घेतो. जुना भाडेकरू निघाला की नव्याच्या डिपॉझिटातून त्याची फेड होते. बँकेच्या खिडकीपर्यंत जो कधी पोचत नाही, तो मजूर अशा रीतीने घरमालकाचा सावकार बनतो, आणि त्याच्याजवळ तारण म्हणून असतो तो केवळ खोलीचा ताबा.

या रीतीचा एक परिणाम पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही. भाडे नाममात्र असल्यामुळे इमारतीला चालू उत्पन्न नसते आणि डुरुस्तीसाठी वेगळा पैसा साठत नाही. भांडवल आरंभीच येते व आरंभीच खर्ची पडते. भाडेकरू आपली रक्कम अडकली म्हणून मोडकळीस आलेली खोली सोडू शकत नाही. मालक ती परत देण्याजोगी नसल्याने त्याला काढीत नाही. इमारत धोकादायक ठरवून नोटीस लावली, तरी या दोघांचा तिढा नोटिशीने सुटत नाही. नोटीस राहणाऱ्याला उद्देशून असते, पण तेथे राहणारा मनुष्य ऋणकोच्या दारात बसलेला धनको असतो.

तिसरा शब्द 'भिशी'. मराठीत तो सर्वपरिचित आहे : दर महिन्याला प्रत्येकाने ठरीव रक्कम घालावी आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलावी. भिवंडीत मात्र 'भिशी', बोलीत 'बिस्सी', म्हणजे कामगारांची खाणावळही. दोन्ही अर्थांचा गाभा एकच, अनेकांनी मिळून वर्गणी घालणे. डिपॉझिटाची मोठी रक्कम उभी करण्यासाठी पैशाची भिशी आणि महिनाभर उधारीवर पोट चालविण्यासाठी जेवणाची भिशी, या दोन संस्था नसत्या तर भिवंडीतील खोल्या भरल्याच नसत्या. खाणावळवाला पगार होईपर्यंत थांबतो, म्हणूनच खोलीचे पैसे वेळेवर निघतात.

चौथा शब्द 'सातबारा', आणि येथे शहराची हद्द संपून गावे सुरू होतात. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. गिरण्यांचे विणकाम त्यानंतर झपाट्याने भिवंडीकडे वळले. यंत्रमागांची ही वाढ संपापूर्वीच सुरू झालेली होती, संपाने तिला वेग दिला एवढेच. १९७० व १९८४ च्या दंगलींनंतर लोक खोली निवडताना भाड्याइतकाच शेजाराचाही विचार करू लागले होते, त्यामुळे काही मोहल्ल्यांत दाटी अधिकच झाली. वस्ती नगरपालिकेच्या सीमेबाहेर शेतजमिनीवर पसरली. जमीनधारक बहुधा स्थानिक आगरी वा अन्य शेतकरी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे शेतीखेरीज अन्य वापरासाठी बिगरशेती परवानगी लागे. ती मिळविण्याचा खटाटोप टाळून ग्रामपंचायतीचा दाखला, घरपट्टीची पावती आणि मुद्रांक कागदावरील करारनामा यांवर इमारती उभ्या राहिल्या. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने विकासकावर गाळेधारकांची संस्था नोंदवून जमीन तिच्या नावे करून देण्याचे बंधन घातले आहे. परंतु जेथे जमिनीचाच कागद शेतीचा, तेथे हस्तांतरण कशाचे करावयाचे? संस्था नाही, म्हणून सामायिक कर्ज नाही. हक्कपत्र नाही, म्हणून वैयक्तिक कर्ज नाही. पगाराची पावती तर मागावर कधी मिळतच नाही.

१९९० नंतर त्याच जमिनीला एक तुल्यबळ गिऱ्हाईक मिळाले : गोदाम. मुंबईच्या जकातीच्या सीमेबाहेर, महामार्गालगत, मोठ्या सपाट भूखंडांवर माल साठविणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, मानकोली, दापोडा हा पट्टा गोदामांनी भरून गेला. २००७ साली भिवंडीभोवतालच्या पन्नासहून अधिक गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. तोवर जमिनीचा भाव गोदामाने ठरवून टाकलेला होता. गोदामाला पाणी फारसे लागत नाही, शौचकूप थोडे लागतात, शाळा तर लागतच नाही. कामगाराची खोली या स्पर्धेत टिकणे कठीणच होते.

हे सर्व अपरिहार्य होते काय? सोलापूरकडे पाहिले असता तसे म्हणवत नाही. भिवंडीच्या पद्मानगरात जो तेलुगू पद्मशाली समाज आहे, तोच सोलापूरच्या पूर्व भागातही आहे. त्या समाजातील असंख्य स्त्रिया विड्या वळतात. सोलापूरजवळील कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने निघालेल्या महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेने नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली १०,००० घरे बांधली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती सुपूर्त झाली. खर्चाचे तीन वाटे होते : वीस हजार रुपये केंद्राचे, वीस हजार राज्याचे, वीस हजार विडी कामगार स्त्रीचे. केंद्राचा वाटा निघाला याचे एक कारण असे की विडी कामगार ही कायद्याने मान्य केलेली व्यक्ती होती. १९६६ च्या अधिनियमाने घरी बसून विड्या वळणारी स्त्रीही कामगार ठरली आणि १९७६ च्या दोन अधिनियमांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. मुंबईच्या कापसाच्या गाठीवरील रुपयाचेच हे दुसरे रूप म्हणता येईल. विडी कामगार स्त्रीजवळ ओळखपत्र होते. यंत्रमागावरील पुरुषाजवळ ते नव्हते आणि त्याने विणलेल्या ताग्यावर त्याच्या घरासाठी छदामही वसूल होत नव्हता.

केवळ व्याख्येने सर्व उलगडा होतो असे मात्र समजू नये. कुंभारीलगतच पुढे ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प निघाला. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातील १५,००० घरांचे वाटप पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. तो २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेखालचा असून त्याचे लाभार्थी विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारेही आहेत. म्हणजे धंद्याची व्याख्या आड न येताही काम होऊ शकले. सोलापुरात कुटुंबे स्थायिक होती, स्त्रिया मिळवत्या होत्या, त्यांना वर्षानुवर्षे एकत्र बांधून ठेवणारी संघटना होती, आणि शहराबाहेरची माळजमीन गोदामांनी महाग केलेली नव्हती. भिवंडीत या चारांपैकी एकही गोष्ट पुरती जुळून आली नाही. व्याख्येने दार बंद केले हे खरे, पण ते ठोठावणारे हातही येथे दर हंगामाला गावी जात होते.

भिवंडीच्या कडेला सार्वजनिक पुढाकाराने बांधलेली कामगारघरे मुळीच झाली नाहीत असेही नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेघरांची योजना आखली. विकासकाला चार चटईक्षेत्र निर्देशांक द्यावयाचा, त्याने त्यातील एका वाट्यात १६० चौरस फुटांची घरे बांधून प्राधिकरणाला विनामूल्य द्यावयाची आणि उरलेल्या तीन वाट्यांची विक्री करावयाची. येथे घराचे भांडवल करातून नव्हे, कर्जातूनही नव्हे, तर हवेतील बांधकामाच्या हक्कातून निघत होते. या योजनेखाली भिवंडी तालुक्यातील रांजनोळी येथे टाटा आमंत्रा या गृहसंकुलात भाडेघरांचे मनोरे उभे राहिले. एकट्या कामगाराला परवडणारी, मालकीची अट नसलेली, लहान, टिकाऊ खोली : भिवंडीला साठ वर्षे जी हवी होती नेमकी ती वस्तू. परंतु घरे बांधून होईपर्यंत भाड्याने देण्याचा विचार मागे पडला. १६० फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांची घरे करावी व ती मालकी हक्काने मुंबईच्या गिरणीकामगारांना द्यावी असे ठरले. रांजनोळीतील अशी १,२४४ घरे त्यांच्यासाठी राखण्यात आली. १९८२ च्या संपात ज्यांचे माग बंद पडले त्यांना, ते काम जेथे गेले त्या गावच्या वेशीवर घर मिळावयाचे होते. त्यांचा हक्क कोणी नाकारणार नाही. मात्र भाड्याची खोली ही कल्पना भिवंडीच्या कामगाराच्या दाराशी येऊन दुसऱ्याच्या मालकीत विलीन झाली.

२०२० साली साथ आली तेव्हा रांजनोळीचे ते मनोरे रिकामेच होते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने तेथे विलगीकरण केंद्र उघडले. टाळेबंदीत माग थांबले, खाणावळी बंद झाल्या आणि हजारो कामगार पायी, ट्रकने, मिळेल त्या वाहनाने मुलकाकडे निघून गेले. त्याच वर्षी जुलै महिन्यात केंद्र सरकारने स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाडेघरांची योजना जाहीर केली. २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि चाळीसच्या आसपास जीव गेले. तिला धोकादायक ठरविणारी नोटीस आधीच बजावलेली होती.